तूप चालतं, सुमनताई चालत नाहीत

सोमवार, संध्याकाळ

डोकं तापलंय. हेतलबेनने आमच्या व्हीगन डिरेक्टरीतून सुमनताईंचं नाव काढून टाकलं, तेही मला न विचारता. ही वेबसाइट आम्ही दोघींनी सुरू केली ती कशासाठी? मीरा-भाईंदरमध्ये घरून धंदा करणाऱ्या बायकांना गिऱ्हाईक मिळावं म्हणूनच ना?

सुमनताई पेणकरपाड्यात पातोळ्या करून विकतात. तांदळाचं पीठ, नारळ, गूळ, हळदीचं पान. तुपाचा थेंबसुद्धा नाही. मग खटकलं काय? फोन केला तर हेतलबेन म्हणते, "उनके घर में मच्छी बनती है. अपना पेज शुद्ध रहना चाहिए."

शुद्ध. आणि केबिन रोडवरच्या तिच्या नणंदेचे खाखरे मात्र पेजवर सगळ्यात वर. तूप लावून भाजलेले. व्हीगनमध्ये दूध-तूपही चालत नाही; तूप काय झाडाला लागतं? तसं तिला म्हटलं तर म्हणते, "घी तो चलता है ना, प्योर व्हेज है."

सुमनताईंना सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पातोल्यांत दूध न्हाय, तूप न्हाय. आमच्या घरात काय शिजतं ते कशाला बगाचं?"

नाव मी परत टाकलंय. खाखरे काढलेत. करू दे काय करायचं ते.

गेल्या रविवारी आमच्या वेबसाइटवरच्या बायकांच्या मेळाव्यात याच पातोळ्या हेतलबेनने दोनदा मागून घेतल्या होत्या. तेव्हा नाही कुणाच्या घरातलं विचारलं. फक्त म्हणाली होती, "ऊपर थोड़ा घी होता तो मज़ा आ जाता."