न्हाणीतलं भाषण

भीमपूर,
२० ऑक्टोबर १९९४

प्रिय विमल,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पोरांच्या लग्नाची तारीख काऊन कळवत नाही, असं तू विचारलंस. शाळेपासूनच्या मैत्रिणी आपण, आणि तुला दोन ओळी लिहायला माझा हात उचलेना.

दसऱ्याला तुझे उद्धवराव नार्नूरहून आपट्याचं सोनं द्यायला आले होते. आमच्या यांनी त्यांची गळाभेट घेतली, चहा पाजला, कापसाचं विचारलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, सुधाकरराव, यंदा आमदारकीला उभे राह्यता का? तर म्हणाले, आपल्याले कायची हौस, मंडळ परिषदेचं अध्यक्षपद हाय तेच लई झालं. मग उद्धवरावांनी हळूच आमच्या मोतीरामच्या आणि तुझ्या गयाच्या तारखेचं काढलं. तर म्हणाले, देवीच्या मनात येईल तवा. बिचारे तेवढ्यावरच समाधानानं उठले. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते.

हौस किती आहे ते मला ठाऊक आहे, बाई. दोन महिने झाले, हे न्हाणीचं दार लावून तेलुगूत भाषण पाठ करून राह्यले. जन्म गेला मराठीत, आणि आता बादलीपुढं ‘अध्यक्षा’, म्हणजे आपलं ‘अध्यक्ष महाराज’, म्हणून सुरुवात करतात, हैदराबादच्या विधानसभेत करतात तशी. बाहेर आल्यावर विचारावं तर म्हणतात, देवाचं म्हणत होतो. दुसऱ्या कोणाला हसू येईल, मला येत नाही.

परवा निर्मलहून एक पुढारी सहकुटुंब जेवायला आले. तिकीट कोणाला द्यायचं ते त्यांच्या हातात आहे म्हणतात. त्यांच्या बाईनं मोतीरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शिक्षण विचारलं, पत्रिका मागितली. यांनी ती स्वतः आतून आणून दिली. गयाशी सुपारी फुटून वर्ष होत आलं, हे तोंडातून काढलं नाही. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, तर मलाच म्हणाले, तुझ्या मैत्रिणीले नाही कोण म्हणते? म्हणजे, विमल, तिकीट मिळालं तर त्या निर्मलच्या पुढाऱ्याची पोर सून, नाही मिळालं तर तुझी गया आहेच. एवढं साधं गणित मलाही कळतं.

मग मी मोतीरामकडं गेले. वाटलं, पोरगा तरी बापाशी भांडेल. तो मान खाली घालून म्हणाला, आई, आत्ताच कायले बोलायचं? अगदी बापाचा आवाज. विमल, तिथं मात्र मी खचले.

गयाला सून करून आणायचं माझ्या फार मनात होतं. लिहिताना रडू येतंय, पण आता लपवत नाही. उटनूरच्या मास्तरांचं स्थळ तू आमच्या शब्दावर थांबवून ठेवलंस. त्यांना आजच्या आज होकार कळव. सुपारी मोडली म्हणून कोणी गयाला बोल लावला, तर हे पत्र दाखव. आमच्या यांच्यापुढं धरलंस तरी चालेल, माझं काय व्हायचं ते होवो. या घरातले दोघं पुरुष तुला कधीच ‘नाही’ म्हणायचे नाहीत. म्हणून मी म्हणते, नाही.

तुझीच,
रेणुका