डोंगरकड्याच्या पोरींचा शेवटचा आउट

१ ऑक्टोबर
पहाटे उठले. अमेरिकेत कालची संध्याकाळ, आमच्या कळमनुरीत आजची सकाळ. बेसबॉलचे प्लेऑफ सुरू झाले. पहिली फेरी तीनपैकी दोन. वर्षभर दीडशेच्या वर सामने खेळायचे आणि इथं दोन हरले की घरी. आपल्याकडं तर एकच हरलं की एसटी धरायची.
मामा, म्हणजे माझे सासरे, चहा घेऊन शेजारी बसले. जन्मभर क्रिकेट बघितलं त्यांनी. गेल्या वर्षीपासून माझ्यासोबत हे बघतात.
"हा खाली बसलेला गडी सारखी बोटं काहून दाखवून राहिला?"
कॅचर आहे मामा. पिचरला सांगतो, कुठला बॉल टाक.
"आन त्याच्या मागं उभा हाय तो?"
अंपायर.
"म्हंजे तू."
व्हय. म्हंजे मी.
शनिवारी हिंगोलीला मुलींची जिल्हा फायनल, होम प्लेटमागं, कॅचरच्या पाठीशी, माझी ड्यूटी. लॅबमधून सुट्टी मिळाली. रक्ताचे नमुने एक दिवस दुसरं कुणी बघेल.
निळ्या जर्सीचे जिंकले. आपले निळेच. का ते विचारू नये, पहिल्यांदा बघितला तो सामना त्यांचा होता.

४ ऑक्टोबर, शनिवार
डोंगरकडा वि. सेनगाव. थकले, पण लिहून ठेवते.
डोंगरकड्याची कोच नसरीन. विद्यापीठाच्या संघात ती पिचर, मी कॅचर. तिचे बॉल झेलून झेलून डाव्या तळहाताला घट्टे पडले होते. आता वारंगा फाट्यावर तिचं शिलाईचं दुकान आहे, दुपारून शाळेतल्या पोरींना शिकवते. आयोजकांना आधीच सांगितलं होतं, कोच माझी मैत्रीण आहे, दुसरं कुणी बघा. ते म्हणले, मॅडम, दुसरं हाय कोण जिल्ह्यात?
शेवटची इनिंग. डोंगरकडा एका रननं मागं, दोन आउट, तिसरा झाला की संपलं. आम्रपाली दुसऱ्या बेसवर, घरी म्हणजे होम प्लेटला पोचली की बरोबरी. फटका बसला, ती तिसरा बेस ओलांडून घराकडं निघाली. तिकडून थ्रो आला. कॅचरनं घेतला. आम्रपाली घसरत आली, धूळ उडाली, आणि माझा हात वर गेला. आउट.
सेनगावच्या पोरी उड्या मारत सुटल्या. आम्रपाली प्लेटवर पडून माझ्याकडं बघत राहिली. माझा हात खाली आला तरी बघत राहिली. नसरीन आली, तिला उठवलं, तिच्या कपड्यांची धूळ झटकली. मला म्हणली, "चल, येते." तेवढंच. एरवी माझा डबा खाल्ल्याशिवाय जात नाही.
सेनगाव विभागाला जाणार, लातूरला. डोंगरकड्याचं या वर्षाचं झालं.

६ ऑक्टोबर
व्हिडिओ आलाय. कुणीतरी पहिल्या बेसच्या बाजूनं काढला. तीन ग्रुपवरून माझ्याकडं आला. खाली लिहिलंय, चष्मा घ्या मॅडम.
त्यात आम्रपालीचा पाय प्लेटला लागलेला स्वच्छ दिसतो. कॅचरचा ग्लोव्ह दिसत नाही, तिच्याच पाठीआड गेलाय. बॉल धरलेला ग्लोव्ह तिला आधी लागला असेल तर आउट. नंतर लागला किंवा लागलाच नाही तर सेफ. आणि नेमकं तेच दिसत नाही.
मी पण दिसते. टोपी, काळा मास्क. हात एकदम वर, जराही न थांबता. एवढी खात्री मला कशाची होती?

९ ऑक्टोबर
दुसरी फेरी, पाचपैकी तीन. इथं मजा असते. भारीतला पिचर पहिल्या सामन्याला वापरला तर पाचव्याला परत मिळतो, पण पाचवा आला तर. ज्यांनी वर्षभर चांगला खेळ केला त्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही, आराम मिळतो, आणि आरामानंतर त्यांच्या बॅटी थंड पडतात असं म्हणतात. खरंय का ते कळत नाही. दर वर्षी दोन्ही बाजूंची उदाहरणं सापडतात.
आज होम प्लेटवर आपल्यासारखाच प्रसंग. मी चहाचा कप खाली ठेवला. अंपायरनं आउट दिला, निळ्यांनी रिप्ले मागितला. एवढे कॅमेरे, सगळ्या बाजूंनी. बराच वेळ थांबले. मग निकाल: कायम.
मामा म्हणले, "म्हंजे बराबर होता ना?"
नाही मामा. बरोबर ठरला तर ते तसं वेगळं सांगतात. कायम म्हणजे, चूक होती असं पक्कं दिसलं नाही.
मामांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "म्हंजे बराबर बी न्हाई, चूक बी न्हाई. जो म्हणला त्याचंच ऱ्हायलं."
लॅबमध्ये दिवसभर हेच डोक्यात.

१२ ऑक्टोबर
नसरीनचा फोन नाही. दर प्लेऑफला सकाळी सकाळी तिचा फोन असतो. ती हिरव्यांची, त्यांचा डावखुरा पिचर तिच्यासारखाच टाकतो म्हणून. काल हिरव्यांनी दुसरी फेरी मारली तरी फोन नाही.
जेवताना प्रकाशनं विषय काढला. हा माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो, बेसबॉलमध्ये त्याला रस नाही.
"एक विचारू? राग मानू नको."
विचार.
"सेफ दिली असती तर लोकं म्हणले असते, मैत्रिणीला वाचवलं. हे तुला ठाऊक होतं. त्याच्यानं तर हात वर गेला नसंल ना?"
राग आला नाही. आश्चर्य वाटलं, कारण हे मला सुचलंच नव्हतं. आता ते निघत नाही. डोळ्यानं बघितलं की आधीच ठरलं होतं? हे कसं तपासायचं? रक्ताचा नमुना असता तर पुन्हा चालवला असता.

१४ ऑक्टोबर
सकाळी विहारात गेलो, सगळे. परतताना बघितलं, फाट्याजवळ नसरीनचं दुकान उघडं होतं. प्रकाशला म्हणलं थांबव. त्यानं गाडी बाजूला घेतली. तोवर ती गिऱ्हाईकाचं माप घेऊ लागली होती. चल म्हणलं. निघालो.
काय बोलायचं तेच ठरलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर
तिसरी फेरी, सातपैकी चार. निळे दोन हरले. तरी मजेत बसलेत, सूर्यफुलाच्या बिया चघळून राहिलेत. सातच्या मालिकेत माणसाला वाटतं, अजून वेळ आहे. आम्रपालीला तसं काही नव्हतं. एक घसरण, संपलं. कुठला खेळ जास्त खरा? सात सामन्यांनी कोण चांगलं ते कळतं. एका सामन्यानं काय कळतं? त्या दिवशी काय झालं तेवढंच. आणि इथं तर तेही कळलं नाही.
दुपारी आयोजकांचे सचिव बोलले. लातूरच्या विभागीय सामन्यांना अंपायर म्हणून माझं नाव पाठवतायत. आपल्या जिल्ह्यातून बाई पहिल्यांदाच. व्हिडिओचं विचारलं तर म्हणले, "मॅडम, अंपायरनं डोळ्यानं दिलेल्या निकालावर तक्रार चालत न्हाई, नियमच हाय. तुमी कशाला मनाला लावून घेता?"
चार दिवसांत कळवते म्हणले.

१९ ऑक्टोबर
लॅबचं शिबिर होतं सेनगावला, शुगर तपासणी. जीपनं गेलो. रस्त्याला दोन्ही बाजूनं सोयाबीन कापून रचलेल्या सुड्या.
दुपारी एक बाई आपल्या सासूला घेऊन आली. सोबत पोरगी. मला बघून पोरगी आईच्या मागं सरकली. मीच ओळखलं. प्रतीक्षा, सेनगावची कॅचर. ज्या ग्लोव्हचा सगळा प्रश्न आहे तो हिच्या हातात होता.
विचारावं की नाही? अंपायरनं खेळाडूला विचारणं बरं नव्हे. पण सामना होऊन गेला, निकाल बदलत नाही. मला फक्त कळून घ्यायचंय. तिच्या आजीचं रक्त घेऊन झाल्यावर विचारलं. घाबरू नको म्हणलं, काही बदलणार नाही. त्या दिवशी ग्लोव्ह लागला होता का तिला?
तिनं आजीच्या हातावरचा कापूस धरला. मग म्हणली, "मॅडम, मला बी कळलं न्हाई. बॉल घेतला, डोळे मिटले, हात खाली नेला. कायतरी लागलं. तुमचा हात वर दिसला तवा मी उड्या मारल्या."
म्हणजे ती माझ्यावर विसंबून होती. आणि मी तिच्यावर?
तिची आई म्हणली, "रोज विचारती, आई, मी खरंच आउट केलं ना. मी काय सांगू?"

२१ ऑक्टोबर
निळे फायनलला. दोन हरून चार जिंकले. समोर हिरवे. म्हणजे माझे आणि नसरीनचे.
इतकी वर्षं वाट बघितली याची. फोन हातात घेतला, ठेवला. मग परत घेतला आणि लावला. तिनं उचलला.
"बोल."
फायनल लागली आपली.
"बघितलं."
मागं शिलाई मशीनचा आवाज. मग तीच म्हणली, "सवे, मला सगळे सांगून राहिले, तक्रार कर, पेपरात दे. मी केलं न्हाई. पण तू एक तरी फोन करायचा होता. निकालासाठी न्हाई. असंच."
मला वाटलं तू रागावली असशील.
"रागावलेच व्हते. म्हणून काय झालं?"
लातूरला येते असं सचिवांना कळवून टाकलं होतं. नसरीनला विचारून नाही, आधीच. ते तिला सांगितलं. "बरं केलं," म्हणली. आवाजावरून काही कळलं नाही.

२६ ऑक्टोबर
फायनल १–१. दोघी फोन चालू ठेवून बघतो. ती दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवून, मी स्वयंपाकघरात. हिरव्यांचा डावखुरा आज भारी होता. बॉल हातातून सुटतो तेव्हा बॅटवाल्याला दिसतच नाही, नसरीनसारखंच, खांद्याआडून येतो. ती म्हणली, "मी अजून टाकू शकते." मी म्हणलं, झेलायला मी खाली बसू शकत नाही, गुडघे गेले. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.
सामन्याचं बोलणं चालतं. दुसरं कुणीच काढत नाही.

३० ऑक्टोबर
आज वेगळं काही बघितलं. बॉल सोडून फक्त होम प्लेटमागच्या अंपायरचे पाय बघत बसले. मामांना कळेना. "पोरी, खेळ तर तिकडं चालून राहिला."
रनर घराकडं निघाला की हा माणूस जागेवर थांबत नाही. मास्क काढतो आणि थ्रो येण्याआधी बाजूला सरकतो, जिथून ग्लोव्ह आणि पाय यांच्यामधली फट दिसेल तिथं. मग थांबतो. अगदी स्थिर. मग बघतो. मग, जरा थांबून, हात.
आपला व्हिडिओ परत काढला. मी हललेच नव्हते. कॅचरच्या पाठीमागं सरळ उभी. त्या जागेवरून ग्लोव्ह दिसणं शक्यच नव्हतं.
मग मी काय बघितलं? धूळ बघितली. प्रतीक्षाचा खांदा खाली गेलेला बघितला. बाकीचं मनानं जोडलं. आउट असेलही. पण मला दिसला नव्हता, एवढं आता पक्कं.
प्रकाशला सांगितलं. मैत्रीण असल्यामुळं हात वर गेला का, याचं उत्तर यातून मिळत नाही, असं तो म्हणला. बरोबर आहे. नाही मिळत.

१ नोव्हेंबर
सातवा सामना. नसरीन पहाटेच घरी आली, स्कूटीवर, डब्यात शिरखुर्मा. ईद नाही काही नाही. "फायनल हाय ना," म्हणली. मामा खूश.
शेवटपर्यंत बरोबरी. जादा इनिंगमध्ये हिरव्यांनी एक रन काढला, निळ्यांना तो फेडता आला नाही. शेवटचा बॅटवाला बॅट न फिरवता उभाच राहिला, बॉल आत आला, आउट, संपलं. मला वाईट वाटलं, आणि नसरीनचा चेहरा बघून बरंही वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे नवीन.
मामा म्हणले, "आता सकाळी काय बघायचं?"
चहा झाल्यावर तिला पायांचं सांगितलं. व्हिडिओ थांबवून दाखवलं, मी कुठं होते, कुठं असायला हवं होतं. तिनं तो मागं नेऊन परत बघितला.
"म्हंजे तुला दिसलंच न्हाई."
नाही.
"आन तरी तू..."
हो.
ती उठून बाहेर ओट्यावर गेली. तिच्या मागं जावं का कळेना. भांडी घासत बसले. काही वेळानं आत आली, डबा घेतला.
"हे मला सांगून काय फायदा? पोरींना सांग."

८ नोव्हेंबर
डोंगरकड्याला जाऊन आले.
नसरीननं सगळ्यांना झाडाखाली बसवलं होतं. ती स्वतः लांब उभी राहिली, मदत केली नाही. मी सांगितलं. सरळच सांगितलं. मी चुकीच्या जागी उभी होते. ग्लोव्ह लागला की नाही हे मी बघितलेलं नाही. तो निकाल आता बदलत नाही, आणि तो बरोबर होता की चूक हे मलाही माहीत नाही.
पहिल्या बेसवरची पोरगी म्हणली, "मॅडम, मग तुमी सेफ काहून न्हाई दिलं? दिसलं न्हाई तर."
विचार करते म्हणले, आणि खरंच करून राहिले. न दिसलेल्या गोष्टीला काय म्हणायचं? काहीतरी म्हणावंच लागतं, अंपायर गप्प बसू शकत नाही.
आम्रपाली शेवटी बोलली. दहावीला आहे ती, पुढच्या वर्षी या संघात नसेल. तिला विचारलं होतं मी, तुला लागल्याचं कळलं का. ती म्हणली, "पायाला कायतरी लागलं. ग्लोव्ह का तिचा गुडघा, न्हाई सांगता येणार." रागानं नाही, विचार करून सांगितलं. मग म्हणली, "मॅडम, मी पुढच्या टायमाला कसं यावं, म्हंजे तुमाला दिसंल?"
मी म्हणलं, तू जशी आलीस तशीच ये. हलायचं मला आहे.
नसरीननं तिकडून हाक मारली, चला, प्रॅक्टिस. पोरी उठून गेल्या. मला थांब म्हणली नाही, जा पण म्हणली नाही. मी थांबले. झाडाखालीच, चप्पल काढून.

१२ नोव्हेंबर
लातूर. शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम. सकाळी यादी लागली. पहिलाच सामना सेनगावचा, आणि प्लेटमागं मी. बदलून मागितला. आयोजक म्हणले, बघू. मग म्हणले, न्हाई जमत.
मैदानावर गेले. प्रतीक्षानं लांबून हात केला, मग अंपायरला हात करायचा नसतो हे आठवून खाली घेतला. नसरीनचा मेसेज नाही. पोचले म्हणून मी पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या आहेत, म्हणजे वाचलाय.
प्लेट ब्रशनं साफ केली. मास्क घातला, पाय हलायला मोकळे ठेवले. सेनगावच्या पिचरनं पहिला बॉल हातात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.
खेळा, मी म्हणले.