डाव्या हाताची सुरी

सोनई, ता. नेवासे
नागपंचमी, १९७३

प्रिय कानिफ,

तुझं पत्र मिळालं आणि सुरीही मिळाली. तुझ्या बोटीवरचा तो सोबती स्वतः सोनईपर्यंत घेऊन आला. अर्धा कप चहा घेतला आणि आल्या पावली परतला, कारण त्याला नगरची गाडी गाठायची होती. पत्रात तू इकडचं-तिकडचं पुष्कळ लिहिलंयस, पण विचारलंयस एकच, आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढलीयस : मनूच्या हाताला बसली का? त्याचं उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो आणि दर वेळी काहीतरी काम काढून उठलो. आज पळवाट नाही. आज पंचमी. चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. गोजरनं काल संध्याकाळीच विळी भिंतीला टेकवून ठेवली, चुलीवर पुरणाची दिंडं उकडताहेत आणि तुझ्या सगळ्या सुऱ्या तेल पिऊन पेटीत निजल्यात. माझ्यासारख्या कलमं बांधणाऱ्या माणसाला असा दिवस फार लांबतो रे.

आधी तुझ्या पेटीचं सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पेटी माझ्या बाजेखालीच आहे. माणसं बोटीवरून घड्याळं आणतात, रेडिओ आणतात, बायकांना नायलॉनच्या साड्या आणतात. तू लग्न केलं नाहीस आणि आणल्यास काय, तर सुऱ्या. त्याही अशा, की ना धड मूठ ना म्यान. नुसती बोटभर रुंदीची पट्टी, टोकाला तिरपी धार, आणि एका पट्टीसाठी तू जपानात कोबेहून आगगाडीनं कुठल्या आडगावच्या म्हाताऱ्या लोहाराकडे जायचास. मी म्हणायचो, लेका, एवढ्या पायपिटीत चार पोरी बघून झाल्या असत्या. तू हसायचास आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून एकेक सुरी अशी काढायचास की जणू तान्हं पोर उघडं करतोयस. बोटीच्या खाऱ्या हवेत गंजतात म्हणून पेटी माझ्याकडे आली. करडईचं तेल मी लावतो. दुष्काळात एवढं एकच बरं झालं, हवेत ओल नव्हती, त्यामुळे गंज म्हणून कुठं चढला नाही. आता पाऊस चांगला लागलाय, तर आठवड्याला पुसाव्या लागतात.

पहिल्या सुरीची गत आठवते का? तू मला ती कलमासाठी दिलीस आणि मी प्रेमानं बाजारातल्या धारवाल्याकडे नेली. त्यानं चाकावर धरून दोन्ही अंगांनी लखलखीत करून दिली. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मग दगड पाण्यात भिजवून माझ्यापुढं बसलास आणि शिकवलंस, की ही सुरी आपल्या सुरीसारखी नव्हे. हिची पाठ सपाट, पोलाद पाठीला, धार एकाच अंगानं. पाठीकडून घासली की पोलादच जातं आणि मागं नुसतं लोखंड राहतं. तेव्हा तू वेडा वाटला होतास. पण पुढं त्याच सुऱ्यांनी मी कलमासाठी मोसंबीच्या फांदीवरचे डोळे काढायला लागलो आणि गप्प बसलो. सपाट पाठ फांदीला लावून ओढली की डोळा सालीसकट असा सुटून येतो की त्याला काही कळतही नाही. त्यांना नावं मात्र मनूनं ठेवली. बाभूळशेंग, ठेंगणी, आणि ती वेत गुंडाळलेली, तिचं नाव नवरी.

आमची लेक मनकर्णा डावरी, हे तुला सांगायला नको. गोजरनं काय काय नाही केलं. डाव्या हाताला फडकं बांधलं, तर पोरगी फडकं बांधलेल्या हातानं जेवली. देवळात प्रसादाला डावा हात पुढं केला म्हणून गुरवानं झापली. मी तेवढं म्हणालो, की जेवायचं उजव्या हातानं जेव, पण रोपवाटिकेत तुझा हात तुझा. ज्या जंबेरीच्या खुंटावर मोसंबी बांधायची, त्याला काय कळतंय डोळा कुठल्या हातानं भरला ते. बाजारातल्या साध्या चाकूनं ती डोळे भरायची, आणि कानिफ, बाप म्हणून नाही सांगत, तिनं भरलेला डोळा मेला असं क्वचित झालं. पुणतांब्याचे बागाईतदार यायचे तर विचारायचे, पोरीनं बांधलेली कोणती? फक्त तुझ्या सुऱ्या तिला चालत नव्हत्या. डाव्या हातात धरली की धार भलत्या अंगाला येई आणि पातं लाकडात घुसे. तेव्हा ती तुला म्हणाली होती, “काका, तुमच्या सुऱ्या बी आमच्या आईवानीच हायेत, निस्त्या उजव्या.” गोजरसुद्धा पदर तोंडाला लावून हसली होती.

त्या दिवसापासून तू हट्टाला पेटलास. येशील तेव्हा अंगणातूनच हाक, “कुठंय माझा डावा हात?” आणि ती हातातलं टाकून धावायची. सुरी हातोहात देऊ नये, नात्याला धार लागते, म्हणून तू नवी आणलेली सुरी तिला बघायला जमिनीवर ठेवायचास. सगळं जग तिच्या उजव्या बाजूला वाढायचं, ठेवायचं. तू एकटा डाव्या बाजूला ठेवायचास. मला ते दिसायचं.

मग तिच्या हळदीच्या दिवशी तू कागद मागितलास. घरात कोरा कागद सापडेना, म्हणून बियाण्याची पिशवी फाडून दिली. तिनं डावा हात त्यावर पसरला आणि उजव्या हातानं भोवती पेन्सिल फिरवली, वेडीवाकडी, कारण उजव्या हाताला कुठं सवय. हळद ओली होती, ती कागदाला लागली. तू घडी करून खिशात घातलास आणि म्हणालास, म्हाताऱ्याला दाखवतो, या हातासाठी एक कर म्हणतो. दोन वर्षं गेली त्याला. आता तू लिहितोस, की म्हाताऱ्यानं आयुष्यात डाव्या हाताची सुरी फार थोड्यांना केली, हिची तीनदा मोडून परत केली, आणि कागद परत मागितलास तर दिला नाही. भट्टीजवळच्या भिंतीला लावून ठेवलाय म्हणे. हे वाचलं आणि मी पत्र खाली ठेवून बाहेर जाऊन बसलो.

तुला ठाऊक आहे, मनूला शेवगावकडं दिली. माणसं वाईट नाहीत. सासूची एक शिस्त, घरात डावा हात दिसता कामा नये. मनूनं ती पाळली. गेल्या साली दुष्काळात त्या बाजूला तर बघवत नव्हतं. आपल्या बागेची खोडं आम्ही सरपण करून जाळली, पण निदान घागरीनं पाणी घालून थोडी रोपं जगवली. तिकडं जनावरांना कडब्याचं एकेक ताट मोजून घालायची वेळ आली, म्हणून त्यांनी कडबा बारीक करायचं यंत्र आणलं, मोठ्या चाकाचं. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं तोंडाशी बसून कडबा सारायचा. चाक फिरवायला आमचे जावई श्रीमंतराव आणि सारायला मनू, उजव्या हातानं, सासूच्या शिस्तीप्रमाणे. यंदाच्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. ताटं तोंडाशी अडकली. अडलं की माणसाचा सवयीचाच हात पुढं जातो. तिचा डावा गेला.

चारही बोटं गेली, कानिफ. अंगठा राहिला.

नगरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिच्या हाताला केवढं मोठं बांधलं होतं, आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, “आबा, बैलांनी खाल्लं न्हाई ना ते? टाकून द्या म्हनावं.” ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. बाजेवर पडलो की ऐकू येतं, पाणी शेंदताना ऐकू येतं. श्रीमंतराव दाराशी भिंतीला पाठ लावून उभे होते. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलेलं नाही. तिला आम्ही दवाखान्यातून सोनईला आणलं, तर ते बाजाराच्या दिवशी येतात, अंगणात बसतात, पाणी घेतात, जेवत नाहीत, उठून जातात. तिला न्यायला आलो असं म्हणत नाहीत, आणि राहू द्या असंही म्हणत नाहीत. मला राग यावा तर त्यांच्या हातांकडं लक्ष जातं. ते सारखे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात.

तुझी सुरी आली ती मी खाली पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांच्या तळाशी लपवली. चार दिवसांत तिला सापडली. बाहेर पावसाची भुरभुर होती आणि ती उंबऱ्यात बसून फडकं उलगडत होती. उजव्या हातानं तिनं ती उलटीसुलटी करून बघितली, पाठीवरून बोट फिरवलं, मग डाव्या अंगठ्याच्या आणि तळव्याच्या मध्ये ठेवून बघितली. ती खाली पडली. तिनं उचलली, पुसली, परत फडक्यात बांधली आणि म्हणाली, “काकांना लिवू नका. समुद्रावर मानसाला रडाया कोपरा बी नसतोय.” मग पेटी ओढून तिनं ठेंगणी मागितली. ज्या सुऱ्यांवर ती हसायची, त्या आता तिच्या हाताच्या झाल्यात. हे देवानं कुठल्या हिशेबानं केलं, मला विचारू नकोस. मी त्याला दिवा लावतो, पण बोलणं बंद आहे.

रोज सकाळी ती जंबेरीच्या वाफ्यात बसते. काप जातो वाकडा, साल फाटते, केळीच्या सोपटाची गाठ दातांनी ओढते. भरलेले डोळे दोन आठवड्यांत काळे पडतात. गोजर म्हणाली, तुम्ही गुपचूप एखादा भरा, पोरीला धीर येईल. मी भरला एक, तिच्यासारखा वाकडा काप घेऊन. मनूनं दुसऱ्या दिवशी खुंटाजवळ बसून बघितला आणि ठेंगणीनं खालून छाटून टाकला. मी बांधाच्या पलीकडं जाऊन कितीतरी वेळ उगीच तण उपटत बसलो. आता वाफ्याच्या टोकाला एक डोळा अजून हिरवा आहे, तिचा स्वतःचा. हिरवे दिसणारेही शेवटी जातात, तुला मी खोटी आशा लावत नाही.

काल गोजर मेंदी घेऊन बसली. लेक पंचमीला माहेरी आहे, मेंदी नको तर काय करणार. उजव्या हातावर काढून झाली. मग मनूनं आपणहून डावा पुढं केला. गोजरचा हात थांबला. तिनं तळव्यावर एक गोल टिपका दिला, अंगठ्याला टोपी काढली, आणि पुढं कुठं काढू हे तिला कळेना, तशीच काडी धरून बसली. ज्या हाताला तिनं फडकी बांधली तोच हात मांडीवर घेऊन ती रडली आणि मनू तिची समजूत घालत राहिली. आत्ता मी लिहितोय तर चिंचेला पोरींनी झोके बांधलेत. मनूला बोलवायला आल्या होत्या. दोरी धरायला दोन हात लागतात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती हसून म्हणाली, “तुमी घ्या, म्या बघते.” ओट्यावर बसलीय, तिथून मला तिची पाठ दिसते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. म्हाताऱ्याला सांगू नकोस. कागद भिंतीवरून काढू नकोस, तिचा तो हात तेवढा एकाच ठिकाणी अख्खा आहे, हळदीसकट, तो तिथंच राहू दे. डाव्या हाताची सुरी तुझ्या पेटीत ठेवलीय, तिलाही मी तेल लावतो. मनूनं नको म्हटलं असताना हे लिहिलं, कारण दिवाळीला तू येणार, आणि तुला ठाऊक नसेल तर तू नेहमीसारखा अंगणातून हाक मारशील. ती हाक, कानिफ, मी ऐकू शकणार नाही. या वेळी तिला नावानं हाक मार. जे काही आणशील ते तिच्या उजव्या बाजूला ठेव, आणि असं ठेव, की पहिल्यापासून तू तिथंच ठेवत आलायस.

तुझाच,
मच्छिंद्र