उलटी ठेवलेली पायली

साखरशेत,
माघ वद्य पंचमी

प्रिय जिवा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला टाकशील, अशी धास्ती आहे. टाकू नकोस. जव्हारच्या शाळेत मास्तर तुझी पाटी पुसायला लावून माझी सगळ्यांना दाखवायचे, तो राग अजून पोटात असेल तर आजच्यापुरता तोही सोड. इगतपुरीला म्हणे फार गारठा असतो. इकडे थंडी सरत आलीय, पळस फुललाय, आणि तुमच्या खळ्यामागचा मोह पानं टाकायला लागलाय.

आधी बातमी सांगतो. जव्हार दरबारच्या कोठीला नाचणी पुरवायचा मक्ता यंदा आपल्या पाड्याला मिळाला. हो, आपल्यालाच. तू ज्याच्या वखारीत काम करतोस त्या मोखाड्याच्या शेटला नाही. हे मी तुला टोचून बोलत नाही. म्हणजे थोडंसं बोलतोय, पण एवढा हक्क मला असावा.

आपला पहिला अर्ज आठवतो? तुमच्या ओट्यावर बसून लिहिला होता. शेट आपल्याकडून वर्षानुवर्षं नाचणी घेऊन कोठीला घालायचा, मग आपणच का घालू नये, ही कल्पना तुझी. बंद लखोट्यात पायलीचा दर लिहून द्यायचा होता. काळीमावशीने, तुझ्या आईने, पाड्याची पायली पुढ्यात घेतली, तिच्यात नाचणी ओतली, काठाच्या वर दोन्ही हातांनी छान निमुळती शीग रचली आणि म्हणाली, एवढ्याला एवढं आलं तर पाड्याला पुरेल. मी तोच आकडा लिहिला. पायली म्हणजे शिगेचीच, हे वेगळं लिहावं लागतं असं तुझ्यामाझ्या डोक्यात यायचं कारणच काय? भाताला तूस असतं, असं कुणी लिहितं का?

लखोटे फुटले तेव्हा आपला दर शेटपेक्षा चढा निघाला आणि कारकुनाने आपला कागद बाजूला सरकवला. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. तू मात्र कोठीत थांबलास आणि शेटच्या माणसाने पायलीच्या काठावरून दांडी फिरवून माप सपाट केलेलं पाहिलंस. आपल्याकडून घ्यायचं शिगेने आणि दरबारला द्यायचं सपाट. वरची शीग इतकी वर्षं त्याच्या घरात जात होती.

घरी येऊन तू मावशीला सांगितलंस, पुढच्या खेपेला आपणही सपाट मापाचा दर लावायचा. ती सुपात नाचणी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "जित्या मानसाला शीग मोडून माप द्यायाचं नाय, जिवा. ते मेल्याचं माप." तुलाही ते ठाऊक होतं. आपल्या पाड्यावर माप सपाट होतं ते एकदाच, मेलेल्या माणसाच्या नावाने तांदूळ काढतात तेव्हा. तरी तू म्हणालास, "मंग रहा तुजी शीग घेऊन." आणि त्याच आठवड्यात शेटकडे कामाला लागलास. मला वाटायचं, रागाच्या भरात गेलाय, भात कापायला येईल. मग शेटने तुला इगतपुरीला धाडल्याचं कळलं.

तू आणि मावशी, दोघंही आपापल्या जागी बरोबर होतात आणि मी मध्ये खुंटासारखा उभा. अर्जात फक्त एक शब्द वाढवायचा होता रे. तो मला सुचला तेव्हा तू घाट चढून गेला होतास. त्या दिवशी सुचला असता तर तू आज इथे असतास, हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

यंदा मी लिहिलं, माप शिगेचं. कारकून हसला, शेजारच्यालाही वाचून दाखवलं. मग त्याने स्वतः पायली दोन्ही तऱ्हेने भरून पाहिली, शिगेत दरातल्या फरकाहून जास्त नाचणी निघाली, आणि तो हसायचा थांबला. मक्ता आपल्याला मिळाला तो असा.

पहिली नाचणी मावशीनेच मापली. सगळ्या पाड्याचं धान्य तिच्या एका पायलीतून जाणार, म्हणून नवं लुगडं नेसून बसली होती. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणाली, आणि शीग अशी रचली की दाणा घसरू नये. मी म्हटलं, जिवाला आजच कळवतो. तर हाताने मला थांबवून म्हणाली, "नको. शिमग्याला येल तवा मीच सांगन. त्याचा तोंड बघायचाय मला." मागचे दोन्ही शिमगे तू आला नव्हतास, याची आठवण तिला कोण देणार? मी पत्र लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

जिवा, मावशी गेली. गेल्या आठवड्यात तिला ताप भरला तो उतरलाच नाही. ती आजारी असल्याचं तुला कळवायला शेटच्या मोखाड्याच्या दुकानात माणूस धाडला होता, पण तो निरोप तुझ्यापर्यंत पोचायच्या आतच इथे सगळं आटोपलं. तांदूळ लेकाने काढायचे, ते मी काढले. पायली भरली आणि सवयीने माझ्याही हातून शीग लागली. ती तळहाताने मोडताना हात पुढे जाईना. म्हाताऱ्यांनी सांगितलं तेव्हा कुठे मोडली. मग रीतीप्रमाणे पायली पालथी घातली. आता लेकाने ती सरळ करून शीग लावल्याशिवाय पाड्यावर कुणी तिला हात लावणार नाही. उरलेली नाचणी घराघरांत तशीच पडून आहे, आणि शिमग्याच्या आत ती कोठीत पोचली नाही तर मक्ता पुन्हा तुझ्या शेटकडे जाईल. दुसरी पायली आणू, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मीही म्हणणार नाही. शेटला काय सांगायचं ते सांग, पण ये. पायली तुमच्या ओट्यावर आहे, मावशी बसायची तिथेच.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
येसू