कंदिलात तेल होतं

मस्तगड, जालना
ता. ९ फेब्रुवारी १९७६, सोमवार

विहीणबाई साळूबाई यांना गोजरबाईचा रामराम. इकडं समदे खुशाल. तुमची खुशाली काल तुमच्या माणसांनीच सांगितली.

पहिली आली ती तुमची जाऊ द्वारकाबाई. चपला काढायच्या आधी तिनं घर हुंगलं. मागून तुमचे दीर बद्रीनाथभाऊ, हातात कंदील. भर दुपारी. मला वाटलं, काच फुटली असंल, जुन्या जालन्यात बदलायला आणला असंल. मी आपली दुकान सांगत बसले, कोणता बोहरी बराबर काच देतो, कोण फसवतो. तुमची जाऊ कुठं ऐकते. ती नुसती आमच्या प्रभाकडं बघून राह्यली.

प्रभा अंगणात लंगडी घालून राह्यली होती. तुमच्याकडं होती तवा चुलीपासून उंबऱ्यापस्तोर चालली तरी ओठ जांभळावानी व्हायचे. काळजात भोक घेऊन जन्मली पोर. तुम्ही म्हणल्या, छाती फाडायची न्हाई, जगंल तेवढी जगंल. मंग मी आन माझी लेक बेबीनंदा तिला मुंबईला घेऊन गेलो. आता लंगडी घालते, आन हरली की भांडते. मला तर तिचं भांडणच गोड लागतं.

तुमच्या कानावर काय गेलं ते ठाव हाये मला. बेबीनंदानं जावईबापू सर्जेरावांना कार्डात लिहिलं की डॉक्टरांनी ज्वारीच्या पेवातला वायू पोरीच्या छातीत सोडला. भोळी हाये माझी लेक. तुम्ही ते साऱ्या धावडा गावात केलं. म्हणून नीट लिहिते, सर्जेरावांकडून वाचून घ्या, मोठ्यानं.

काळीज उघडलं की त्यात हवा शिरते. हवेचा एक बुडबुडा रगतातून मेंदूत गेला तर माणूस कामातून जातो. म्हणून ते नळीनं एक जड वायू सोडतात, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो. जड म्हणून छातीच्या खळग्यात पाण्यावानी बसतो आन हवेला बाहेर ढकलतो. त्याचा बुडबुडा राह्यलाच तर रगतात जल्दी विरतो. हवेचा तसा विरत न्हाई. पोरीचा श्वास त्या टायमाला मशीन घेते. हे मला तिथल्या नर्सबाईनं सांगितलं. पेवात, जुन्या विहिरीत साचतो तोच हा, म्हणली.

ऐकलं आन मी, पोरीला ऑपरेशनला नेत होते ती गाडी धरून खाली बसले. चला घरी म्हणलं. का धरली, ते तुम्हाला सांगाया नको. राहू द्या.

बेबीनंदा माझी बोटं सोडवत म्हणली, "आई, त्या वायूनं एक नेला. एक देऊ दे त्याला."

मंग सोडली गाडी.

तर कालचं. तुमच्या जावेनं कंदील लावला, काच वर केली आन प्रभाच्या तोंडाम्होरं धरला. पेवात उतरायच्या आधी दोरानं सोडतात तसा. विझला तर आत वायू. माझ्या अंगणात, माझ्या नातीला. पोरीला वाटलं खेळ हाये. दवाखान्यात तिला रोज मेणबत्ती फुंकायला लावायचे, छाती मोकळी व्हावी म्हणून. पहिल्यांदा ज्योत हललीसुद्धा न्हाई. काल तिनं गाल फुगवले आन एका फुंकरीत कंदील गार.

द्वारकाबाई भिताडाला टेकली. "विझला. पेवच हाये पोरीच्या छातीत," म्हणली. मी पदर तोंडात घालून हसले. अवो, कंदील विझवायला दम लागतो. तुम्ही फुंकून बघा एकदा, खोकत बसाल.

मंग तिनं तुमचा निरोप सांगितला. सून पाठवा, पोर तिकडंच ठेवा, आमच्या घरात बारकी लेकरं हायेत. न्हाई पाठवली तर सर्जेरावला दुसरी करू. बेबीनंदानं प्रभाच्या झग्याची गुंडी काढली आन बद्रीनाथभाऊंचा हात धरून त्या व्रणावर ठेवला. कसं उडतं काळीज ते त्यांनाच कळू दे. त्यांनी लई वेळ हात उचलला न्हाई. जावेनं हाक मारली तरी न्हाई.

त्याच हातानं त्यांनी माझ्या कडूबाला दोर बांधून वर काढलं होतं.

घ्या, आलं नाव. आधीची लेकरं राह्यली न्हाईत म्हणून कडू नाव ठेवलं होतं, काळानं तोंड लावू नये म्हणून. दिवाळीला बहिणीला न्यायला मुराळी म्हणून आल्ता तुमच्या दारात. तुम्ही म्हणल्या, पाव्हणे, जेवायच्या आधी पेवातली तेवढी ज्वारी काढून द्या. कंदील सोडला न्हाई, त्यालाच सोडलं. मी विचारलं तवा म्हणल्या, कंदिलात तेल नव्हतं. लेक तुमच्यात नांदत होती, म्हणून मी ते गिळलं.

काल तुमच्या कंदिलात काठोकाठ तेल होतं, विहीणबाई. काच राखेनं घासलेली, वात नवीकोरी.

बेबीनंदा येईल तर प्रभाचा हात धरून येईल, न्हाईतर येणार न्हाई. तुम्ही सर्जेरावाला खुशाल बाशिंग बांधा. बद्रीनाथभाऊ मात्र कंदील मुद्दाम इथंच ठेवून गेले. जावेला म्हणले, राहू दे, साळूवहिनीला घेऊन येतो, त्याच नेतील हातानं.

मी त्यातलं तेल कमी होऊ देणार न्हाई. पुढल्या गुरुवारी येतो म्हणालेत.

कडूबाची आई,
गोजरबाई