बाबांच्या नावावर घेतलेली सुटी

दिल्ली

ती. आईस देवरावचा पायांवर माथा.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. मंजूवहिनी, हे आईला एकटीलाच वाचून दाखवा.

बाबा गेले तरी मी मेडशीला का आलो नाही, हे फोनवर सांगवलं नाही. इथे मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या समाध्या झाडतो, फुलं वाहतो. सगळ्यांच्या पुण्यतिथ्या साहेबांच्या वहीत असतात. मागच्या पोळ्याला सुटी मिळेना, म्हणून बाबा वारले असं सांगून मी घरी आलो होतो. तू म्हणालीस, "बाप तुले पाहून खुश होऊन राह्यला, कायले लवकर जातं?"

साहेबांनी ती तारीखही वहीत लिहिली होती. परवा खरी बातमी सांगितली, तर म्हणाले, "एक माणूस दोनदा मरत नाही." न सांगता निघालो तर नोकरी जाईल.

तेरवीचं दादा करेल ना? तू दोन घास खातेस का?

काल यमुनेवर जाऊन डोकं भादरलं. साहेबांनी विचारलं, "आता कोण गेलं?" मी काकांचं नाव सांगितलं. काकांना कळू देऊ नकोस.

तुझा,
देवराव