पाहुण्यांना कळवायचं का?

मंगळवार, काशीद

आज यांनी फोनवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि फोन हॅक झाला. आमच्या होमस्टेच्या पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो त्यातच. कुणाचं लग्न, तेही पाहिलं नाही! पण पत्रिका आली की आपण उघडतोच. मीही उघडली असती.

नव्या कायद्यात म्हणे अशी माहिती चोरीला गेली की प्रत्येक पाहुण्याला कळवावं लागतं. तीन खोल्यांच्या धंद्यालाही?

"गप ऱ्हा," हे म्हणाले. "परत कुत्रं न्हाय यायचं इथं."

तेही खरं. मग मी विचारलं, "आपण एवढ्या लॉजवर आधार दिलं. तिथे कधी काही झालंच नसेल, की सगळे गप्प राहिले?"

मी माझ्या फोनवर पाहुण्यांना मेसेज लिहायला घेतले, तेव्हा हे म्हणाले, "पत्रिका मी उघडली, ते नको लिहू."

पहिला मेसेज तोवर यांच्या नावासकट गेलाही होता.